कच्च्या वहीतली हरणी

आण्णा, वनखात्यातल्या एका अधिकारी मुलीने तुमच्या वह्या मागितल्या आहेत, आणि त्या तिच्या हातात देण्याआधी मला तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून हे लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहायला मला वेळ नाही आणि ती हौसही नाही. पण गेले तीन दिवस जेवण झालं की तुमची पेटी उघडून बसते आहे, भिंग लावून तुमचं पेन्सिलीचं अक्षर लावते आहे, आणि दर पानाला तुमचा राग येतो आहे. तो कोणापुढे तरी काढला पाहिजे.

ती मुलगी चार दिवसांपूर्वी नगरच्या घरी आली. चहा नको म्हणाली, मग घेतला. तिने मोबाईलमध्ये तुमच्या दैनंदिनीच्या पानांचे फोटो आणले होते. महिनाअखेरीला साहेबांकडे जायची ती पक्की दैनंदिनी. "मॅडम, अक्षर काय सुंदर आहे हो," ती म्हणाली.

"माझं आहे," मी म्हटलं.

ती थोडी गडबडली. "पण त्यात काहीच नाही. नर इतके, माद्या इतक्या, पाडसं इतकी. रोज तेच. कुठे दिसली, काय करत होती, काही नाही. तुमच्या वडिलांचं कच्चं टिपण असेल का घरात?"

एकतीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. माझ्या लेखनात काहीच नाही असं माझ्याच घरात बसून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "कशाला हवंय?" तेव्हा तिने सांगितलं. आपल्या माळावर आता सफारी निघणार आहे. उघड्या जीपगाड्या, टोपी घातलेले गाईड. लोक तिकीट काढणार आणि गवतात काळवीट बघून विचारणार, वाघ कुठाय. जीपचा रस्ता नकाशावर आखून झाला आहे आणि तो खालच्या खोलगटातून जातो, हिवराच्या झुडपांमधून. गावातली म्हातारी माणसं तिला म्हणाली, तिथे हरणी पाडसं लपवतात, जुन्या वॉचरला सगळं ठाऊक होतं. तिने स्वतः दोन हंगाम पाहिलं, माद्या अजून त्याच अंगाला जातात. "पण दोन हंगामांवर वरचे लोक ऐकत नाहीत. तोंडी तर मुळीच नाही. जुनी लेखी नोंद दाखवली तर रस्ता वळेल. सोमवारी नकाशावर सही आहे."

लेखी नोंद. आण्णा, तुम्ही बावीस वर्षं त्या माळावर वनमजूर होतात, आणि तुमची लेखी नोंद म्हणजे काय होती ते तुम्हाला आणि मलाच माहीत. मी त्या मुलीला सांगितलं, बघते. ती गेल्यावर पेटी काढली. मागे पाढे छापलेल्या शाळेच्या वह्या, नऊ. कशावरही तारीख नाही. "मिरजगावच्या बाजारापासनं तिसरा दिस." कुठला बाजार, कोणता महिना, देव जाणे. तंबाखूचे डाग. एका पानावर चक्क डाळीचा हिशोब, त्याच्याच खाली माळढोक दिसल्याची नोंद. आणि सगळीकडे तुमची ती जुनी खोड. "काळा म्हनला, माज्या हद्दीत ह्यो कोन आला? पर ऊन लई, उटायचा कटाळा केला." "खोकड म्हनलं, आज बी उंदीरच." "माद्या म्हनल्या, पान्याचा टँकर आमच्यासाटी येतो का सायबाच्या मेव्हन्याच्या फळबागंसाटी, येकदा इचारून घ्या."

ही शेवटची ओळ तुम्ही एकदा तशीच पक्क्या दैनंदिनीत लिहिली होती, आठवतं का? मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. नोकरी लागून दोनच वर्षं झालेली. तुम्हाला डबा द्यायला म्हणून चौकीवर आले, तर तुमचे साहेब खुर्चीत बसून ती दैनंदिनी मोठ्याने वाचत होते आणि चारपाच माणसं हसत होती. "काय रे, काळविटांनी तुला वकीलपत्र दिलंय का? मग पगार पण त्यांच्याकडूनच घे." तुम्ही उभे होतात आणि तुम्हीही हसत होतात. मला तेच सहन झालं नाही. बाप चौथी शिकलेला, मुलगी नगरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, आमच्या वस्तीतली पहिली, आणि बाप साहेबासमोर स्वतःवरच हसतो आहे.

घरी आल्यावर मी तुम्हाला बोलले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तिने मान वर न करता माझीच बाजू घेतली. "तुज्या बापाला मानसांचं ऐकू येत न्हाई. हरनांचं तेवढं येतं."

"तुजं बी येतं की," तुम्ही म्हणालात. "आता तू म्हनतीस, भाकर घ्या."

"मी म्हनती पीठ सपलंय."

त्यावर तुम्ही दोघं हसलात. मी हसले नाही. मी त्याच दिवशी ठरवलं की पुढे पक्की दैनंदिनी मी लिहायची. तुम्ही वहीत काय वाटेल ते खरडा, महिनाअखेरीच्या रविवारी मी एसटीने मिरजगावला उतरेन, घरी येईन आणि साहेबांना देण्याजोगं उतरवून देईन. तुम्ही हरकत घेतली नाहीत. तुमच्या मुलीचं अक्षर साहेबांच्या टेबलावर जाणार याचा तुम्हाला उलट अभिमानच वाटला, हे मला कळत होतं. माझी पद्धत सोपी होती. ओळीत आकडा असला की घ्यायचा. ओळीत "म्हनली" किंवा "म्हनला" दिसलं की ती ओळ सोडायची. वाचायचीही नाही. निरीक्षण वेगळं, कल्पना वेगळी, हे मी वर्गात रोज शिकवत होते. तेरा वर्षं, दर महिन्याला, मी तुमच्या वह्या अशा चाळल्या. तुमच्या माद्या तोंडाने नव्हत्या बोलत, आण्णा. पण कुठे उभं राहून, कुठल्या अंगाला तोंड करून, कोणाला टाळून त्या ते बोलल्या, हे सगळं त्याच ओळीत होतं. "ढवळी हरनी म्हनली, मी हिवराच्या आडोशाला ठेवलंय, तुमी वरच्या बांधानं जावा." ही खोलगटाची नोंदच आहे. नीट, सरळ नोंद. मग ती नोंदीसारखी लिहायला तुम्हाला काय धाड भरली होती? "हिवराजवळ पाडस दिसले" एवढे तीन शब्द. मी कॉलेजात शिकले म्हणून मला ते कळलं नाही, तर तुम्ही एकदा तरी बोट ठेवून दाखवायचं होतंत.

आता सहलीचं. ते लिहायचं मी दोन दिवस टाळलं.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या शाळेने सहली बाहेरगावी न्यायला सुरुवात केली होती. बाकीच्या बाई देवस्थानं मागत होत्या. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, नववीच्या मुली काळवीट बघतील. एसटीची एक गाडी ठरवून मी त्यांना तुमच्या माळावर आणलं. संक्रांत होऊन गेली होती, गवत पिवळं पडलं होतं. तुम्ही खाकी शर्टाला इस्त्री करून घेतली होती आणि मला सगळ्यांदेखत "या बाई" म्हणालात. मुली तुमच्या मागून चालल्या. पहिला कळप दिसला आणि तुम्ही सुरू झालात. मधला काळा नर काय म्हणतो, त्याच्या कडेचे तरणे नर त्याच्यामागे काय कुजबुजतात, म्हातारी मादी कोणाला दटावते. प्रत्येकाचा आवाज निराळा. मुली पोट धरून हसत होत्या. एक जण म्हणाली, "आजोबा, ती म्हातारी आमच्या बाईंसारखीच बोलते." आणि तुम्ही म्हणालात, "व्हय, पर ती जरा मायाळू हाय."

मी थांबले. चाळीस मुलींसमोर मी तुम्हाला म्हटलं, "प्राण्यांना असे विचार नसतात. मुलींना चुकीचं शिकवू नका. संख्या सांगा, बाकीचं मी समजावते."

तुम्ही म्हणालात, "बरं बाई." त्यानंतर तुम्ही फक्त आकडे सांगितलेत. उजव्या अंगाला माद्या सात. पाण्यापाशी नर दोन. शाळेतल्या हजेरीसारखे. मुलींचं लक्ष उडालं, त्या बोरं वेचायला लागल्या. एकीने विचारलं, तो काळा एकटाच का उभा आहे? तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "बाईंना इचारा." मी हद्द, स्पर्धा, प्रजनन असं सांगितलं. तिने मान हलवली आणि बोर खाल्लं.

परतीला गाडी खोलगटाच्या पलीकडे उभी होती. सरळ गेलं तर दहा मिनिटं. तुम्ही वरच्या बांधाने वळलात. ऊन वाढलेलं, दोन मुलींच्या चपला तुटलेल्या. मी म्हटलं, इकडून चला ना. तुम्ही म्हणालात, "तिकडनं न्हाई." का, ते सांगितलं नाहीत. मला वाटलं, मघाचा राग काढता आहात. मी मुलींना म्हटलं, चला माझ्यामागे, आणि सगळ्यांना घेऊन खोलगटातून, हिवराच्या झुडपांतून, गाणी म्हणत गाडीपर्यंत नेलं. तुम्ही बांधावरून एकटे आलात. गाडी सुटताना हात केलात.

परवा ती वही लागली. तारीख नाही, पण "बाईंची सहल आल्ती" असं आहे, म्हणजे शंका नको. खाली पेन्सिलीने लिहिलं आहे, "हरनी म्हनली, मी पाडसाला सांगितलं व्हतं हालू नको. पोरींच्या गलबल्यानं त्ये उटलं. वस्तीवरची कुत्री मागनं आली. मी लांब हुते. मला कुनी बोलीवलं न्हाई." त्याखाली वेगळ्या ओळीत, "पाडस १ मेलं."

मी त्या मुलीकडून फोटो मागवून घेतले. त्या महिन्याच्या पक्क्या दैनंदिनीत, माझ्या सुंदर अक्षरात, आहे. "पाडस १ मृत." बाकी काही नाही. आणि तेव्हा मला तो रविवार आठवला. तुम्ही समोर बसला आहात, आई जात्यापाशी काही निवडते आहे. मी उतरवता उतरवता विचारते, "मृत कशाने? कारण लिहावं लागतं." तुम्ही म्हणता, "लिवलंय की." मी वहीवर नजर टाकते, "म्हनली" दिसतं, आणि मी पुढची ओळ घेते. कारणाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारते. तुम्ही ती रेघ बघता आणि चहा पिता.

आण्णा, तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी ओरडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. इतकंच झालं असतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा सहल आणली, त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन्ही वेळा तुम्ही बांधाने गेलात आणि मी खोलगटातून. तुम्ही वाटेत वळून कुत्री हाकलत होतात, हे त्या वर्षांच्या वह्यांत आहे. "खोकड म्हनलं, म्हातारा कुत्र्यांमागं पळतोय, येडं झालं." मला वाटायचं, वयाने तुम्ही मागे पडता आहात. लेकीला दुखवायचं नाही म्हणून हे सगळं केलंत, की लेक शिकलेली आहे म्हणून? दुसरं असेल तर मला ते जास्त लागतं.

इथवर काल लिहून झालं होतं. ती मुलगी आज दुपारी आली. वह्या टेबलावर मांडल्या. पहिलंच पान उघडून ती खोकडाच्या उंदरावर हसली. मला आधी राग आला, मग मीही हसले. मी खोलगटाच्या नोंदींना चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. ती एकेक वाचत गेली, वहीत जागा लिहून घेत गेली. सहलीच्या पानाशी ती थांबली. ते तिने दोनदा वाचलं.

"ह्या बाई म्हणजे..."

"मीच."

"मॅडम, जागा सिद्ध व्हायला बाकीची पानं पुरेशी आहेत. हे पान नसलं तरी चालेल. तुम्ही ठेवून घ्या."

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी थोडा वेळ काढला, कारण क्षणभर मला ते पान ठेवून घ्यावंसं वाटलं होतं. मग म्हटलं, "एकतीस वर्षांत पान फाडलेली वही मी एकाही मुलीकडून घेतली नाही. आणि ऐक, हेच पान वर ठेव. गलबला झाला की तिथे काय होतं, ते बाकीच्या पानांत नाही."

तिने मान हलवली. सोमवारी काय होतं ते सोमवारी कळेल.

दिलं ते असं. कच्च्या वह्या नऊ, पानं मोजून. पक्क्या दैनंदिनीतलं अक्षर माझं, त्यातला गाळलेला मजकूर मी गाळला आणि सहलीत मुलींना खोलगटातून मी नेलं, असा सहीचा एक कागद. खोलगटाच्या अकरा नोंदींची नक्कल, जशीच्या तशी, प्रत्येक "म्हनली"सकट. पोच घेतली. हे पत्र दिलं नाही. अकरापैकी एका नोंदीत "हरनी पाडसाला म्हनली" याच्या पुढचा शब्द ओलीने पुसला गेला होता. भिंगानेही लागेना. तिथे मी "बस" लिहिलं, आणि समासात "अंदाज माझा" म्हणून सही केली.