ओता, मॅडम

प्रिय बाबा,

तुमचा फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. बोलायला लागले तर ओरडेन, आणि मग तुम्ही "आवाज चढवू नकोस" म्हणत मूळ मुद्दाच बाजूला साराल. कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

धाकटीचं लग्न ठरल्याचं जेवण तुमच्याकडून, पण जागा व्याह्यांच्या पसंतीची. ती नेमकी मी काम करते तेच हॉटेल निघाली, यात तुमचा दोष नाही. मी बाटली आणली, तिचं लेबल तुम्हाला दाखवलं, तुमच्या ग्लासात घोटभर वाइन ओतली आणि थांबले. आमच्या कामात तशी रीतच आहे. जेवण देणाऱ्याने आधी चाखायचं, मान हलवायची, मगच बाकीच्यांचे ग्लास भरायचे. पण मान वर केली तर माझ्याकडे बघावं लागलं असतं, म्हणून तुम्ही ती केलीच नाहीत. नुसते माझ्या बाहीकडे बघत बसलात. सगळं टेबल ताटकळलं. शेवटी व्याही हसून म्हणाले, "अहो, हो म्हणा की, बिचारी उभी आहे!" तेव्हा प्लेटकडे बघत तुम्ही म्हणालात, "ओता, मॅडम."

मॅडम! जिला जन्मात "ए ठमे" सोडून दुसरी हाक मारली नाहीत, ती मॅडम! धाकटीला पाणी पिताना ठसका लागला. आई तिची पाठ चोळत राहिली. तिनेही वर पाहिलं नाही.

ती बाही तुम्हीच आत घेतली होतीत, बाबा. हॉटेलने दिलेला कोट ढगळ होतोय म्हणून मी तो घरी आणला, तर रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मशीनवर बसलात. तो कुठे घालणार, हे तेव्हा माहीत होतं ना? दुकानात माझा पदवीचा फोटो लावलाय, घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून गिऱ्हाइकांना दाखवता, आणि "आता काय करते?" असं कुणी विचारलं की सुई ओवायला घेता. दारू वाढते म्हणून लाज वाटते? माशाबरोबर कडक लाल वाइन दिली तर त्या माशाला लोखंडाची चव येते. गोडाबरोबरची वाइन त्या गोडाहून गोड नसेल तर ती आंबट लागते. कुणाच्या आनंदाच्या दिवशी घासाला घोट जुळवून देणं हे माझं काम आहे. मापात कापड बसवण्याइतकंच ते सरळ आहे.

तरी "मॅडम" मी गिळलं असतं. पण मी तुमच्या मागे उभी राहून ओतत असताना विहीणबाईंनी विचारलं, "थोरली नाही आली?" आणि तुम्ही बेधडक सांगितलंत, "ती परदेशात शिकते. लग्नालाही जमायचं नाही तिला." माझ्या हातून थेंबही सांडला नाही. त्याचाच आता जास्त संताप येतोय.

काल व्याह्यांचा हॉटेलात फोन आला. लग्नाचं जेवणही इथेच ठेवायचं म्हणाले, आणि "वाढायला तीच मुलगी हवी, माशाबरोबर काय झकास वाइन दिली तिने!" साहेबांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. म्हणजे लग्नाला मी येणार आहे, बाबा. यजमान पुन्हा तुम्हीच असाल, तेव्हा पहिला घोट तुमचाच. मी ओतेन आणि थांबेन. या वेळी नुसती मान हलवून भागणार नाही. "ही माझी थोरली" एवढं म्हणा, मी सगळ्यांचे ग्लास भरते. पुन्हा मॅडम म्हणालात, तर एकाचाही ग्लास भरणार नाही. बाटली धरून तुमच्या खुर्चीशी तशीच उभी राहीन. मला उभं राहायची सवय आहे.

कुठल्याच परदेशात नसलेली,
तुमचीच
ठमी