अकरा लाल ठिपके

सर, आज माझं ऐकून घ्या. जिवंत असताना तुम्ही कुणाला दोन वाक्यं धड पुरी करू दिली नाहीत. आता तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. सकाळी एम.एस्सी.च्या वर्गात प्रिऑन शिकवत होते. एखादं प्रथिन वेडंवाकडं दुमडतं, शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तसंच दुमडायला लावतं, आणि पेशीमागून पेशीत ते लोण जात राहतं. फळ्यावर मी एक पांढरा ठिपका काढला, शेजारी लाल खडूनं दुसरा. आपल्या यीस्टची खूण हीच होती ना? प्रिऑन असला तर पेशींची वसाहत पांढरी, सुटला तर लाल. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, औषध न घालता यीस्ट आपलं आपण बरं होतं का?’’ मी म्हटलं, ‘‘होतं!’’ माझा आवाज एवढा चढला की पोर बिचारी दचकली.

मी तुमच्याकडं पीएचडी करत होते त्या वर्षी धरण तळाला गेलं होतं आणि शहर मात्र चिकलठाण्याच्या अंगानं पसरतच चाललं होतं. नव्या बिल्डिंगी, नवे बोअर, बोअरला पाणी नाही. आपल्या विभागात टँकर चौथ्या दिवशी यायचा. म्हणून तुम्ही तीन बादल्यांची रीत घालून दिलीत. काचेची भांडी पहिलीत साबणानं घासायची, दुसरीत खळबळायची, तिसरीत शेवटचा हात. संध्याकाळी तिसरीतलं पाणी दुसरीत, दुसरीतलं पहिलीत, आणि पहिलीतलं दारातल्या लिंबाला. लॅबमधले मामा म्हणायचे, ‘‘सायबापेक्षा ह्या झाडाचीच मजा हाय बघा, लई पाणी भेटतंय.’’ त्याच बादल्यांत ग्वानिडीनचे फ्लास्कही धुतले जायचे. ग्वानिडीन म्हणजे यीस्टमधला प्रिऑन घालवायचं आपलं हुकमी औषध, आणि तुमच्या मते ते काचेला चिकटून जरा राहिलं तरी घात.

मला हे कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? मी माझ्या काचा घरी नेल्या, सर. दोन पिशव्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, पुंडलिकनगरपर्यंत मांडीवर धरून. आमच्याकडं नळ चार दिवसांआड यायचा. मोरीत मी यीस्ट वाढवायच्या प्लेटा नि फ्लास्क मांडले तशी आई दाराशी येऊन उभी राहिली. ‘‘अगं बाई, एवढ्या काचा कशाला लागत्यात?’’ मी म्हटलं, ‘‘आई, फार स्वच्छ लागतात, नाहीतर सगळं वाया.’’ तिनं भरलेला हंडा पुढं सरकवला, मग दुसराही. ‘‘धू. माझं नहाणं उद्या बघू.’’ उन्हाळ्यातले दिवस, आणि तिनं दोन दिवस ओल्या फडक्यानं अंग पुसून काढले. हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

चाळीस प्लेटा लावल्या, औषधाचा थेंबही न घालता. पाचव्या दिवशी पांढऱ्या गर्दीत अकरा लाल ठिपके दिसले. मी तीनदा मोजले आणि धावत तुमच्या टेबलापाशी आले. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, चाळीसपैकी दोन प्लेटा उचलून बघितल्यात, दोनच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘‘यीस्टनं आपणहून रोग टाकला म्हणे! उद्या सांगशील, माठानं आपणहून पाणी भरलं.’’ सगळे हसले. मीसुद्धा हसले, लाजेनं, याचा मला अजून संताप येतो. ‘‘बादलीतलं ग्वानिडीन आहे हे. निष्काळजीपणा. लाव कुकर.’’ मी म्हटलं, ‘‘सर, पण मी...’’ ‘‘पण नाही नि बिण नाही. कुकर लाव.’’ आणि माझ्याच हातानं, तुमच्या डोळ्यांदेखत, मी त्या चाळीस प्लेटा लॅबच्या जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये शिजवल्या.

‘काचा कुठं धुतल्यास?’ तीन शब्द होते हो. तेवढे खर्च करायला काय जात होतं तुमचं? मी महिनाभर तोंड दाबून काम केलं आणि पीएचडी सोडली. सात वर्षं औषधांच्या कारखान्यात सिरपच्या बाटल्या तपासल्या. मग बाहेरच्या देशांतल्या लोकांनी छापलं की पेशीकडं स्वतःची सोय असते: ती वेड्यावाकड्या प्रथिनांचा हा गुंता एका जागी गोळा करून ठेवते, कळी फुटून लेक वेगळी होताना गुंता आईकडंच राहतो आणि लेक निर्मळ निघते. मी ते वाचनालयात वाचलं आणि रागानं रडले. तुमच्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, सरांच्या नजरेतून चूक कधी सुटली नाही. मी उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, हिला भरून आलं.

आता हे पत्र कुणी वाचणार नाही, तर एक सांगून टाकते. घरून आणलेले फ्लास्क तीन होते आणि मीडियाला, म्हणजे प्लेटांत ओतायच्या यीस्टच्या खाद्याला, चार लागले. चौथा मी लॅबच्या कपाटातून घेतला, बादल्यांत धुतलेला. त्यातून ओतलेल्या दहा प्लेटा कुठल्या, याची खूण केली नाही. घाई होती. ते अकरा ठिपके त्या दहांवरच होते की सगळीकडं, मला ठाऊक नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मला हे सांगावं लागलं असतं. तरीही तुम्ही विचारायला हवं होतंत, सर, मी खरं तेच सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगत आले आहे. आमच्या कॉलेजात आता चोवीस तास पाणी असतं, तसलं यीस्ट मागवलं की येतं, आणि सगळं मिळून काम पाच दिवसांचं. वीस वर्षांत मी ते एकदाही केलेलं नाही.