तुमच्या पुस्तकाखाली लिवलेल्या दोन ओळी

जालंधर
२६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामा,

तुमाला आन मामीला हितूनच पाया पडतो. मी बरा हाय. तुमचा कान कसा हाय? फोनवर तुमाला ऐकू येत न्हाय, आन मामीला सांगावं तर ती पुन्ना आख्ख्या ढोकीला ऐकू जाईल आसं बोलती. म्हणून लिवतो. अक्षर लागलं न्हाय तर कुणाकडनं वाचून घिऊ नका. दोनदा वाचा, पर तुमीच वाचा.

काम चाललंय. तुमी लावून दिलेला म्हणून मालक सरदारजी जरा सांभाळून घेत्यात. हॉकीच्या स्टिका घासायला बसतो. फायबरचा भुगा अंघोळ केली तरी मानंतून जात न्हाय. कवाकवा वाटतं सोडावं, लुधियान्याला जावं, न्हायतर सुरतंला. सादिक म्हणतो, "मल्ल्या, तुझ्या बुडाखाली इंगळ्या हायत का रं?" सादिक म्हंजे आपल्या परंड्याचा, माझ्याच खोलीत राहतो.

तुमी सोतावर लिवलेलं पुस्तक पोचलं. मी आठवी नापास, मला एका पानाला एक चहा लागतो. पर वाचलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना हिंदीत सांगत गेलो. गुडघ्यात सुई टोचून घिऊन तुमी फायनल खेळलात, ते सांगितलं तवा सगळे घास हातात धरून बसले. सरदारजी म्हणले, "तेरा मामा शेर है. पर शेर को इतना बोलना नहीं चाहिए."

लोक काय म्हणत्यात ते तुमी मागच्या पत्रात इचारलं होतं. तुमच्या साध्या फोनात ते दिसत न्हाय. पुस्तकवाल्यांनी फेसबुकवर तुमचा फोटो टाकलाय, त्याच्याखाली लोक लिवत्यात. लातूरचा एक मास्तर लिवतो, "खेळाडूनं स्वतःला एवढं सोललेलं मी पहिल्यांदा वाचलं." एक बाई सुईचं पान वाचून पोराच्या कोचला जाऊन भांडली म्हणं. एकजण लिवतो, "मेलेल्यांची नावं घेऊन शूर होता येतं, जित्यांची घ्या की." आन तुमच्या गावातल्याच कुणीतरी लिवलंय, "कृष्णराजराव, चौकात या, सत्कार करतो." त्याच्या म्होरं चपलेचं चित्र. हे मामीला सांगू नका. तुमी बी आता एकटं चौकात जाऊ नका.

पर सगळ्यात जास्त बोलणं त्या पोरीवर चाललंय.

तुमी नाव लिवलं न्हाय. "स्टिकला कवडी बांधून खेळणारी पोर" एवढंच लिवलं. तुमाला वाटलं, नाव झाकलं म्हंजे माणूस झाकलं. आवं मामा, आपल्याकडं त्या कवडीलाच नाव हाय. आईनं गळ्यातल्या देवीच्या माळंतली कवडी काढून लाल दोऱ्यानं आपल्या सोनालीताईच्या स्टिकला बांधली. पंच म्हणला काढ, तर ताईनं वरनं चिकटपट्टी मारली आन खेळली. जळकोटातलं शेंबडं पोर सांगंल ती कोण ते.

तुमी तिचं कोच होता, तवाचा तिचा गोल लई भारी लिवलाय. आन तिथून दहा-बारा पानं फुडं गेलं की लिवलंय, "या पोरीची जन्मतारीख मी फिरवली. एकोणीस वर्षांची पोर सतरा वर्षांखालच्या संघात खेळवली. त्याच पदकावर पुढं तिला सरकारी नोकरी लागली. तिला मी विचारलंही नव्हतं."

त्याच्यावर लोक लिवत्यात, "कोण ही?" "आमच्या पोरींची जागा खाल्ली की हिनं." "चौकशी लावा." एकजण रोज लिवतो. त्याच्या फोटोत तोंड न्हाय, नुसता गुलाब हाय. मला त्या गुलाबाचं लई भ्या वाटतं मामा. ताईची पोलिसाची वर्दी गेली तर आमचं काय राहतं? आईचं औषध, धाकट्या निकिताचं कॉलेज, सगळं तिच्यावर. मी हितनं पाठवतो ते माझ्याच पोटाला पुरत न्हाय.

आता राहिलेलं लिवतो.

नाव तुमी झाकलं होतं. उघडं मी पाडलं. गोलाचं पान वाचलं आन छाती आशी फुगली की फुडचं वाचायच्या आधीच फोन काढला. तुमच्या फोटोखाली लिवलं, "ही कवडीवाली पोर आमच्या जळकोटची. सोनालीताई. आता पोलिसात हाय, गावाला अभिमान हाय." फेसबुकवर माझं नाव 'जळकोटचा वाघ' आसं हाय. ताईनं मला ते सगळं बंद कर म्हणलं होतं, तवा तिच्या चोरून हे नवीन काढलं. जन्मतारखेच्या पानापतूर पोचायला मला चार-पाच दिवस लागलं. तवर लोकांनी माझ्या दोन ओळींवर अंगठं देऊन देऊन त्या पार वर आणून ठिवल्या होत्या.

पुसल्या. दुसऱ्या दिवशी गुलाबवाल्यानं मला लिवलं, "पुसलं का वाघा? आमच्याकडं त्या ओळींचा फोटो हाय." बस, एवढंच. मागत काय न्हाय. काय मागितलं आसतं तर बरं झालं आसतं. आता कारखान्यात कुणाचा बी फोन वाजला की माझ्या हातातली स्टिक सुटती.

सादिकला सांगितलं. तो आधी म्हणला, "अक्कल गहाण ठिवली होतीस का?" मग म्हणला, "आपा को आजच बता दे. बाहर से मालूम पड़्या तो तू गया."

मी फोन हातात घेतला आन तिचाच आला.

नवरात्राच्या बंदोबस्ताला तिला तुळजापुरात लावलंय. मागं संबळ वाजत होतं, ती वरडून बोलत होती. "मल्ल्या, मामाचं पुस्तक वाचलंस? आज एक जमादार मला म्हणला, मॅडम, तुमच्या स्टिकला कवडी होती म्हणं? हसत इचारलं रं त्यानं. हसत."

मी म्हणलो, "मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणणार? मी बी हसले. माझं नाव बाहेर कुणी काढलं आसंल?" मग तीच म्हणली, "मामानंच. दुसरं कोण? खरं बोलायचं याड लागलंय म्हाताऱ्याला. सोताचं पाप धुवायला माझी घागर घेतली."

मी म्हणलो, "व्हय."

मामा, तिनं कितीदा तरी इचारलं, "खरंच मामानंच ना?" मी दर बारीला व्हयच म्हणलो. संबळाचा आवाज होता, न्हायतर तिला माझा आवाज कळला आसता.

कोजागिरी झाली की बंदोबस्त उठंल. ती आधी घरी जाणार न्हाय, ढोकीला येणार हाय, तुमच्याकडं. म्हणली, "एकदा तोंडावर इचारते, मग त्या दारात पाय ठेवत न्हाय." काय बी म्हाईत नसताना तुमी तिच्या शिव्या खाव्या, हे मला सोसंना. म्हणून लिवलं. मी सांगायला पायजे होतं, ते तिला न सांगता तुमाला सांगतोय, हे मला बी कळतंय.

ती आली की आधी तिला बसवा. मामीला चहा ठिवायला लावा. ती लई बोलंल, त्यातलं निम्मं तुमाला ऐकू येणार न्हाय, ते बरंच हाय. मग ती इचारंल. तवा तुमी खोटं बोला आसं मी म्हणत न्हाय. पुस्तकात तुमी कुणाला सोडलं न्हाय, सोताला बी न्हाय. मलाच सोडा म्हणायला तोंड कुठंय?

त्या दिवशी मी कामावर जाणार न्हाय. फोन म्होरं ठिवून बसतो. तिचा फोन आला तर समजंन, तुमी माझं झाकलं. न्हाय आला तर समजंन, तुमी खरं बोललात आन तिनं मला तोडलं. ह्यातलं कुठलं व्हावं म्हणून देवीपाशी मागावं, तेवढं मला कळंना झालंय.

तुमच्या पाठीआड लपलेला
तुमचा भाचा
मल्लिनाथ