घरचे तपशील

१६ जून
आज सोलापुरात रुजू झालो. नववीच्या पोरांना इंटरनेटवर स्वतःची माहिती कशी जपायची ते शिकवायचं आहे. हेडसरांनी विचारलं, कोर्स कुठं केलात? कुठंच नाही, म्हणालो. जेऊरच्या दुकानात बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून उघडून शिकलो. खोली अक्कलकोट रोडला, चन्नम्मांच्या माडीवर. बाई मराठीत कानडी कालवतात, पण चहा फक्कड करतात. घरी फोन केला. संस्कृती, माझी एकुलती लेक, म्हणाली, "आप्पा, तितली पोरं लई वांड हायत का?" तुझ्यापेक्षा कमीच, म्हटलं.

२१ जून
नुसतं सांगून पोरांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून एक खोटी मुलगी तयार केली: प्रतिक्षा, इयत्ता नववी. तिचं खातं उघडलं. तिच्या पोस्ट वाचून ती कोण, कुठली, हे पोरांनी शोधायचं. खोटं ढिसाळ असलं की लगेच उघडं पडतं, म्हणून तपशील घरचेच घातले. संस्कृतीची जन्मतारीख, सायकलवरून पडून भुवईवर राहिलेली खूण, बशीतून चहा प्यायची सवय, वडलांना आप्पा म्हणणं, घरामागची चिंच आणि रेल्वे. नाव आणि फोटो मात्र खरा नाही. फोटोच्या जागी रंगवलेलं चित्र. एवढी काळजी मी घेतोच.

२५ जून
तास रंगला. शिवराज नावाच्या कार्ट्यानं प्रतिक्षाला पार घरापर्यंत गाठलं. "सर, ही जेऊरची हाय. चिंचंवरनं घर घावतंय की." वर्ग हसला. मग मी फळ्यावर लिहिलं: एकदा दिलेली माहिती परत घेता येत नाही. हेडसर दारात उभे राहून ऐकत होते. बरं वाटलं.

३० जून
प्रतिक्षाच्या खात्यावर मी न टाकलेली एक पोस्ट आहे. चहाची बशी, कड उडालेली. तशी बशी आमच्या घरात आहे, पण हे मी कुठंच लिहिलेलं नाही. शिवराजला धरलं. पासवर्ड तुमी कुटं सांगितलाय आमाला, म्हणाला. खरंच आहे.
संस्कृतीची गंमत असेल म्हणून फोन केला. तिला चहा आवडत नाही म्हणे, कधीच आवडला नाही. मागून तिची आई सांगत होती, पोरीच्या भुवईची खूण पार गेली. खुशीत होती ती.

३ जुलै
चित्राच्या जागी फोटो आला आहे. तोंड अर्धं वळवलेलं. भुवईवर खूण.
संस्कृती आज फोनवर आप्पा म्हणाली नाही. चाचरली. मग 'सर' म्हणाली.

५ जुलै
खातं बंद करायला बसलो. जन्मतारीख मागितली. मला आठवेना — मला, ज्याला प्रत्येक तारीख —
बायकोला फोन लावला. संस्कृतीची तारीख सांग, म्हटलं. ती म्हणाली, "कुणाची?"
आपल्या पोरीची.
"आपली प्रतिक्षा तर तुमच्याकडं यायला निघाली की."
मागं कुणीतरी रडत होतं. कोण, विचारलं. कुणाची तरी पोर दारात येऊन आई-आई करतीय, म्हणाली. ओळखीची न्हाय. दार लावून घेतलंय.
उघड म्हणालो. ओरडून म्हणालो. फोन ठेवला तिनं.
बॅग भरली आहे. सकाळच्या गाडीनं जेऊर —

६ जुलै
निघणार तोच चन्नम्मांची खालून हाक. लेक आलीय म्हणे. पायरीवर बसलीय. चेहरा थेट तुमचाच, म्हणाल्या.
खिडकीतून पाहिलं. बशीतून चहा पिते आहे. वर बघून आप्पा म्हणाली. आवाज — तोच.
जिन्यावर पाऊल वाजतंय.
तिकडं जेऊरला दाराबाहेर जी उभी आहे, तिचं नाव लिहून ठेवलं पाहिजे. आत्ता. आठवतंय तोवर.
माझ्या मुलीचं नाव प्रति — नाही. ते नाही.
माझ्या मुलीचं नाव
सं