दक्षिणेकडचा गोल

गारखेडा, औरंगाबाद
४ मे २०१६

चि. विशाखास,

अण्णाचा जय भीम आणि आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. पुण्याच्या शिबिरात जेवण नीट मिळतं का, ते कळव. फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. इकडं नळाला पुन्हा आठ दिवस पाणी नाही. मी राखतो त्या मैदानाला लागून तो बारा मजली टॉवर झाला आणि आपली बोअर आटली, तेव्हापासून गवतसुद्धा टँकरवरच जगतंय.

बद्रीनाथ वॉचमन सांगत होता की राष्ट्रीय फुटबॉल चषकवाल्यांनी तुला चौकशीला बोलावलंय. गटसाखळीतला शेवटचा सामना, बरोबरी झाली तरी महाराष्ट्र पुढं जाणार, तिथं एका गोलानं हरला, आणि घरच्या मैदानावर कॅप्टन गोलकीपर एवढा साधा चेंडू सोडते कशी, असं त्यांचं म्हणणं. हे सांगताना बद्रीनाथ माझ्याकडं बघून हसला. मला तो माणूस पहिल्यापासून पटत नाही.

चेंडू साधा नव्हता. दुसऱ्या अर्ध्यात सरपटत आला, तुझ्यापुढं टणक भुईवर आपटून उसळला आणि हातांवरून गेला. सामना संपल्यावर तू एवढंच विचारलंस, "अण्णा, ही जागा कोरडी कशी राहिली?" मी म्हणालो, "ऊनच लई होतं गं."

मध्यंतरात दोन्ही गोलपुढं पाणी मारायची आपली रीत. त्या दिवशी पाइप जोडला तर टँकर रिकामा! सामन्याआधी मी स्वतः काठी घालून पाहिला होता, अर्धा भरलेला होता. तीन आठवडे मी चोर शोधत होतो. टँकरवरचा सांडू ड्रायव्हर म्हणतो, "मी तर चहाला गेलतो मामा." मागच्या गेटची किल्ली बद्रीनाथकडं असते. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुंडलिकराव, आधी घरात बघा तुमच्या." मी त्याची गचांडी धरली.

परवा तुझी आई आपणहून बोलली. "म्याच सोडलं पाणी. नऊ दिस झालते नळाला. गल्लीतल्या बाया घागरी घिऊन मागल्या गेटाला उभ्या व्हत्या. ग्राउंड भिजलेलं दिसलं, मला वाटलं उरलेलं हाय."

खरं सांगू? त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा दोन्ही ड्रम काठोकाठ होते. मी त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि कुठून आलं ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाहेर चोर शोधायला लागलो.

आईवर रागावू नकोस. ते पाणी मला मध्यंतरात लागणार होतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता लिहितोच. त्या दिवशी मी उत्तरेचा गोल चांगला भिजवला आणि दक्षिणेकडं वरवर शिंतोडा मारला, दिसायला ओला, आत दगड. पहिल्या अर्ध्यात समोरच्या संघाची गोलकीपर तिथं फसेल, मध्यंतरात मी पाणी मारीन आणि मग तू तिथं उभी राहशील, असा माझा बेत. म्हणून तर म्हणालो होतो, टॉस जिंकलीस तर उत्तरेची बाजू घे, डोळ्यावर ऊन येणार नाही. चार वाजता ऊन पश्चिमेकडून येतं, हे या मैदानावर वाढलेल्या पोरीला कळत नव्हतं का? तरी घेतलीस, मी सांगितलं म्हणून.

त्यांची पोरगी फसली नाही. सामन्याआधी तिनं टाचेनं ठोकून जागा तपासली, मी पाहत होतो. तू तपासली नाहीस. मैदान बापाचं होतं ना.

हे सगळं कागदावर लिहून, सही करून आज सकाळी चौकशीवाल्यांना दिलं. पोच सोबत जोडली आहे, जपून ठेव. नोकरीचं व्हायचं ते होईल. लाज वाटते विशाखा, फार वाटते.

यापुढं कुठंही उतरलीस तरी आधी टाच मारून बघ. मैदान कुणाचंही असो.

तीन आठवडे तुझ्यावर संशय राहू दिला तो,
तुझा अण्णा