घोंगडीखालचा करंट

मिस्तरी, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला काही लिहितोय. तुम्ही होतात तेव्हा लिहायची गरजच पडली नाही, घोडेगावला गॅरेजच्या मागच्या खोलीतनं हाक मारली की तुम्हाला ऐकू जायचं. माझं अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. आठवीतनं शाळा सोडलेला मी, पावतीवर 'क्लच' लिहिताना दोनदा खोडायचो. पण कालची गोष्ट तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगून तिची मजा कळायची नाही. इथं मस्कतला दुपारी एक ते चार गॅरेज बंद असतं, ऊनच तसलं. बाकीचे आडवे झालेत. मला दिवसा झोप येत नाही, अजूनही येत नाही, म्हणून बसलोय पेन घेऊन.

गाडी आली ती मागच्या रविवारी. विलायती, दोन माणसांपुरती, बुटकी, हिरवी, वर छप्पर नाही. आपल्याकडं असली गाडी जुन्नरच्या बाजारात उभी केली तर लोकांनी आधी विचारलं असतं, भाऊ, बाकीची गाडी कुठंय? तिला दोन कार्बोरेटर, शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखे. मालक इथलाच, सत्तरीचा म्हातारा. नातवाच्या लग्नात नवरा-नवरीला हिच्यात बसवून स्वतः चालवायची म्हणतो. पण गाडी उभ्या उभ्या स्लोवर थरथरत होती, मधेच ठोका चुकवून मिसिंग मारत होती, आणि जरा रेस दिली की कार्बोरेटरमधनं फाट् करून आवाज. आमच्यातली बाकीची पोरं गाडीला मशीन जोडतात आणि मशीन सांगेल ते बदलतात. हिला मशीनची पिन लावायला जागाच नाही. तेव्हा फोरमननं, केरळचा आहे तो, माझ्याकडं बघितलं. मी तीन वर्षं इथं टायर काढतोय आणि घालतोय. माझ्या छातीवरच्या कार्डावर 'हेल्पर' छापलं होतं, कारण माझ्याकडं कुठल्या शाळेचा कागद नाही. तो म्हणाला, "तुम बोलता है ना, गाँव में कार्बोरेटर किया. ये ठीक किया तो कार्ड में मेकॅनिक. नहीं तो वापस टायर, फिर मेरे को मत बोलना." बुधवार संध्याकाळपर्यंतची मुदत.

आता खरं सांगतो, तुम्ही हसाल. तीन दिवसांत मी दोन्ही कार्बोरेटर तीनदा खोलले. जेट फुंकले, गॅसकेट नवीन कापली, दोघांची हवा कानानं सारखी करून बघितली. गाडी तशीच. म्हातारा रोज सकाळी खुर्ची टाकून समोर बसायचा, छोट्या वाटीतनं कहवा, त्यांची कॉफी, प्यायचा, आणि फाट् झालं की डोळे मिटून घ्यायचा. बुधवारी सकाळी मी चौथ्यांदा पाना लावला आणि माझा हात आपोआप थांबला. मला तुमचा आवाज आला असं लिहिणार नाही, तसलं काही झालं नाही. मला फक्त डिंभ्याच्या मासळीवाल्या पावण्यांची जीप आठवली.

ते धरणावरची मासळी भरून न्यायचे. पेट्रोलची जुनी जीप, मागं बर्फाच्या पेट्या, तिचा वास आपल्या गॅरेजला दोन दिवस राहायचा. मी तेव्हा अठराचा, येडगावहून येऊन तुमच्याकडं एक वर्ष झालेलं, आणि मला वाटायचं मला सगळं येतंय. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मी जीपचा कार्बोरेटर उतरवून ताटलीत पसरलाय. तुम्ही येता, ताटलीकडं बघता, माझ्याकडं बघत नाही.

"कुणी सांगितलं रं खोलायला?"

"मिस्तरी, शिंकत व्हतं ना. कार्बोरेटरमधनंच येत व्हतं."

"शिंक नाकातनं आली म्हणून नाक कापतोस का?"

पावणे पेटीवर बसल्या बसल्या एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "मिस्तरी, ह्याला डागदर करू नगा," म्हणाले. माझे कान तापले. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही मला तो सगळा परत जोडायला लावलात, एकेक स्क्रू, आणि तोवर पावण्यांना एकच प्रश्न विचारत राहिलात, फिरवून फिरवून. हे सुरू व्हायच्या आधी काय झालं? कुणी हात लावला? कुठं उभी होती? चौथ्या वेळेला ते म्हणाले, "काय नाय वं. मासळीचा वास लई येतो म्हणून बायकूनं कटकट केली, तवा धरणाच्या कडंला सगळी धुवून काढली. बॉनेट उघडून, बादल्यांनी." तुम्ही "हां" म्हणालात. तेवढंच. तुमचे वडील मेंढरं घेऊन चार चार महिने कोकणात जायचे आणि तुम्ही लहानपणी पहाटे मेंढरांच्या वाड्यात उभे राहून कुठलं मेंढरू खोकतंय ते ओळखायचात, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. दोनशेत एक खोकायचं आणि त्याच्या अंगाला हात लावायच्या आधी ते सापडायला लागायचं, नाहीतर सगळा कळप उधळायचा. तेव्हा मला त्या दोन गोष्टींचा संबंध कळला नव्हता.

मग तुम्ही खुंटीवरची काळी घोंगडी काढलीत. भर दुपारी, रस्त्यावर, स्टँडवरची चार माणसं बघतायत. "पेट्रोलचा वास गेला का बघ. वास असताना हिला वर टाकायची न्हाई, कधीच न्हाई, भडका हुईल." आपण वाट बघितली. मला वाट बघणं म्हणजे शिक्षाच. मग जीप चालू करून तुम्ही घोंगडी उघड्या बॉनेटवर टाकलीत, आत डोकं घातलंत आणि माझी मान धरून मलाही आत ओढलंत. बाहेरनं कुणीतरी ओरडलं, "मिस्तरी, लपाछपी खेळताय का?" आत मिट्ट काळोख, मेंढीच्या लोकरीचा वास, मासळीचा वास, पंख्याची गरम हवा. "हात लावू नगं. बघ निस्ता." आणि दिसलं. चार प्लगांना करंट वाटून देणारा जो डबा असतो, त्याच्या काळ्या टोपीवर, एका वायरीच्या मुळाशी, केसाएवढी निळी रेघ. लपकन यायची आणि शेजारच्या वायरीकडं पळायची. एकाचा करंट दुसऱ्याला. तो बिचारा दुसरा सिलिंडर अजून हवा-पेट्रोल आत घेतोय तोवरच पेटत होता आणि उलटा कार्बोरेटरमधनं शिंकत होता. "पाणी वाळून गेलं," तुम्ही अंधारात म्हणालात, "पर वाट राहिली. करंट मेंढरावाणी हाय बग. एकदा वाट पडली का त्याच वाटंनं जानार." आपण बाहेर आलो तेव्हा मी लोकांकडं बघत नव्हतो. मला त्या घोंगडीची लाज वाटली, मिस्तरी. निळी रेघ बघूनसुद्धा वाटली.

तर काल मी पाना खाली ठेवला आणि म्हाताऱ्यापुढं जाऊन बसलो. मोडक्या हिंदीत विचारलं, बाबा, इसके पहले क्या हुआ? तीन दिवसांत हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. त्यालाही थोडी हिंदी येते. त्यानं हातानं पाण्याचा पाइप दाखवला. लग्नासाठी चकचकीत करायला कुणाकडं तरी दिली होती, त्यांनी इंजिनसुद्धा जोराच्या पाण्यानं धुतलं. मला तिथंच हसू आलं. मी खोलीवर पळत गेलो आणि माझं पांघरायचं ब्लँकेट घेऊन आलो. घोंगडी का आणली नाही ते शेवटी लिहितो. पेट्रोल पुसून काढलं आणि उभा राहिलो, नुसता उभा, वास जाईपर्यंत. फोरमन काचेतनं बघत होता, त्याला वाटलं मी हात टेकले. मग गाडी चालू करून ब्लँकेट टाकलं. पोरं हसली, एकानं मोबाईल काढला. ब्लँकेट पातळ, उजेड आरपार यायचा, म्हणून दुहेरी केलं. आणि मिस्तरी, तीच. टोपीवर दोन वायरींच्या मधे, केसाएवढी, निळी.

मी म्हाताऱ्याला आत बोलावलं. तो पांढऱ्या कपड्यात, तरी वाकून डोकं घातलं त्यानं. अरबीत काहीतरी पुटपुटला. मग फोरमनलाही बघायला लावलं. जुन्या सामानाच्या दुकानातनं दुसरी टोपी मिळाली, नवीन नाही पण धड. वायरी एकमेकींपासून लांब बांधल्या. चार वाजून गेले होते. किल्ली फिरवली आणि गाडी अशी चालली की म्हाताऱ्यानं कहव्याची वाटी बॉनेटवर ठेवली आणि ती तशीच राहिली. रेस दिली. शिंक नाही. फोरमननं माझ्या छातीवरचं कार्ड ओढून काढून खिशात घातलं आणि तो गेला. आज सकाळी दुसरं दिलं. त्यावर मेकॅनिक लिहिलंय. मी ते उलटं लावलंय, तेलाचा हात लागू नये म्हणून.

मला एवढंच सांगायचं होतं की तुम्ही जे करत होतात ते लई मोठं होतं, आणि ते करताना तुम्ही कधी आवाजसुद्धा चढवला नाहीत. इथं मी मोठे मोठे कारागीर बघितले. कार्बोरेटरपुढं गप उभा राहू शकणारा एकही नाही.

हे तुमच्या घरी काकींकडं पाठवलं असतं, पण त्यांना शेजारचं कुणीतरी वाचून दाखवणार, म्हणून पाठवत नाही. पेटीच्या खालच्या खणात ठेवतो. काल संध्याकाळी त्यांना फोन केला होता. गाडीचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आणि घोंगडी रं? हाय ना जपून? कसर लागू दिऊ नगं, त्यांच्या हातची शेवटची वस्तू हाय." मी म्हणालो, "आहे काकी. आजच कामाला आली."

तुम्ही गेल्यावर त्यांनी ती मला घडी करून दिली होती. मी मस्कतला निघालो त्या दिवशी माझी बॅग नवीन होती आणि घोंगडीला मेंढीचा वास येत होता. घोडेगावच्या स्टँडवर मी ती बाकड्यावर ठेवली आणि एसटीत जाऊन बसलो. खिडकीतनं ती दिसत होती. कंडक्टरनं अजून घंटी मारली नव्हती, तरी मी उतरलो नाही.