शेजारचं ताट आणि जप्तीचे बॉम्ब

रविवार, २५ ऑक्टोबर १९८१

मानवजातीवरच्या संकटांत आज एकाची भर पडली – शेजारच्या इंदुताईंनी फराळाचं ताट पाठवलं! चकल्या, करंज्या, अनारसे. फराळाचं काही नाही, तो संपतो. ताट संपत नाही. ते परत द्यावं लागतं, आणि शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं! ज्या एकट्या माणसाचा भात अजून खाली लागतो, त्याने त्यात घालायचं तरी काय? स्वतःचे विनोदी लेख? टेबल ताटाने बळकावलं आहे, दौत खिडकीत गेली आहे. यावर मात्र कोणी कायदा करत नाही.

सोमवार, २६

कायदा भलत्याच गोष्टीवर झाला. यंदा शहरात सुतळी बॉम्ब बंद. हुकूम टाइप केला इंदुताईंच्या यजमानांनी – मनोहरराव, कचेरीतले हेडक्लार्क. टाइप केला म्हणजे आपणच काढला, असं त्यांचं मत. आज दोन शिपाई घेऊन स्वतः बाजारात गेले आणि चंद्रभानच्या दुकानातलं पोतं उचललं. मी तिथेच पणत्या घेत होतो.

चंद्रभान रडकुंडीला आलेला. "साहेब, पावती तं द्या!"

"पावती कायले पाहिजे बे तुले? कायदा म्हंजे कायदा!"

बंदीने बॉम्ब गेले नाहीत, फक्त त्यांचं खोकं गेलं. आता कुठल्या तरी परसात वळलेला सुटा माल रद्दीत गुंडाळून येतो. वात बोटाच्या पेराएवढी. मागच्या दिवाळीत माणूस वात लावून पळत होता, यंदा पळायला सवड नाही. रद्दी आमच्याच साप्ताहिकाची. चला, कोणी तरी उघडून पाहतं म्हणायचं!

मंगळवार, २७. लक्ष्मीपूजन.

जप्तीचं पोतं निघालं कुठे? मनोहररावांच्या अंगणात! संध्याकाळपासून कायद्याची अंमलबजावणी चालली होती, माझ्या खिडकीची तावदानं हलत होती. इंदुताई ओसरीवरून ओरडत होत्या, "पुरे करा नं! लोकं काय म्हणतीन?" – "लोकाईची काय हिंमत!"

मग एक फुटेना. मनोहरराव गेले, वाकले, उचलून पाहू लागले. अशा माणसांना सगळं हातात घेऊन तपासायची सवय.

फुटला. उजव्या हातात.

मी धावलो. इंदुताईंनी हातावर टूथपेस्ट थापली होती, वर शाई ओतली होती – निळी, पांढरी, लाल. बघवेना. म्हटलं, दवाखान्यात चला. तर गृहस्थ दात-ओठ खात म्हणतो, "नाही! कलम नऊ!"

कलम नऊ असं – दारूकामाने भाजलेला माणूस आला की डॉक्टरने माल कोणाचा ते विचारायचं आणि ठाण्यात कळवायचं. खाजगी माणसाला दंड. जप्तीचा माल सरकारी नोकराकडे सापडला तर नोकरी आणि पेन्शन, दोन्हीवर पाणी. हे कलम सुचवलं कोणी? त्यांनीच! साहेबांनी पाठ थोपटली होती म्हणे.

बुधवार, २८

लेख झाला. एका बैठकीत. इतका चांगला मी दहा वर्षांत लिहिला नाही. नाव बदललेलं नाही, हुद्दाही नाही. उद्या देतो.

गुरुवार, २९. भाऊबीज.

सकाळीच इंदुताई कुंपणाशी. डोळे सुजलेले.

"भाऊ, हात काळा पडून राहिला. वास येते. रातभर तापात बडबडले. मी म्हणते चला, तं म्हणते नोकरी जाईन. हात गेल्यावर नोकरी काय चाटाची हाय?"

त्यांची नजर माझ्या खिशातल्या कागदांवर गेली. "तुमी लिहून राहिले, मले माहीत हाय. लिहा, भाऊ. मी आडवी येत नाही. पण पहिले त्याईले दवाखान्यात न्या. माह्यं ऐकत नाही."

'लिहू नका' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. तयार उत्तर होतं माझ्याकडे!

मनोहररावांना जवळजवळ उचलून रिक्षात घातलं. डॉक्टर तरुण होता. शाई पुसता पुसता वैतागला – "जखम दिसायला पाहिजे की नको? पेन आहे का हा हात?" मग विचारलं, माल कोणाचा? मनोहरराव पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता.

डॉक्टरला उत्तर मिळालं. त्याने लिहून घेतलं.

शनिवार, ३१

एक बोट काढलं. बाकीचा हात वाचला. डॉक्टर म्हणाला, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर मनगटापासून.

साप्ताहिकाचा माणूस लेख मागायला आला. यंदा लेख नाही म्हटलं. "काहून, भाऊ? दिवाळीत विषय नाही भेटला?" नाही भेटला.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

नोटीस आली. माझ्या नावाने – बेकायदा सुतळी बॉम्ब बाळगल्याबद्दल. डॉक्टरला 'माल माझा' म्हणून सांगितलं होतं, त्याचं फळ. दंड भरून आलो.

येताना ताट परत केलं. चिमूटभर साखर घातली, दुसरं काही सुचलं नाही. मनोहरराव ओसरीवर, हात गळ्यात, चार शेजारी भोवती. शेजाऱ्याचा बॉम्ब विझवायला धावले आणि हात भाजला, अशी कथा रंगात आलेली. मला पाहून थांबले नाहीत. उलट म्हणाले, "भाऊ, पुढल्या साली सांभाळा बरं! कायदा म्हंजे कायदा!"

इतका हलकट माणूस मी पाहिला नाही. आणि त्याच्यासाठी मी खोटं बोललो असं कोणाला वाटलं तर?

इंदुताईंनी ताट घेतलं. साखरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या,

"रिकामं आणलं असतं तरी चाललं असतं, भाऊ."